कँडीटफ्टच्या दोन पाकळ्या मोठ्या आणि दोन लहान का?

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. दसऱ्यानंतर त्यांनी गच्चीवरच्या कुंड्यांत ‘कँडीटफ्ट मिक्स’चं पाकीट पेरलं. आता झुपकेच्या झुपके फुलले आहेत, पण प्रत्येक फुलाच्या चार पाकळ्यांपैकी दोन चांगल्या मोठ्या आणि दोन अगदी बारक्या आहेत. शेजारच्या काकू म्हणतात की बियाणं भेसळीचं आहे, हे अ‍ॅलिसम असणार. हे झाड मोहरीच्या कुळातलं आहे असंही ताईंच्या वाचनात आलंय, पण मोहरीशी त्याचं काही नातं त्यांना दिसत नाही. शिवाय बी धरलं तर पुढच्या वर्षी अशीच फुलं येतील का, आणि पानं मोहरीच्या पाल्यासारखी भाजीत चालतील का, हेही त्यांना हवंय.

ताई, बियाणं चोख आहे. पाकळ्या लहानमोठ्या आहेत हीच कँडीटफ्टची खूण. चारही पाकळ्या सारख्या असत्या तर मीच तुम्हाला पाकीट परत करायला सांगितलं असतं. वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात माझी नोकरी गेली आणि आता रोपवाटिकेत दिवस जातो, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. हाताशी एक भिंग ठेवा. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला तरी भागेल.

आधी कुळाचं बघू. झुपक्याच्या कडेचं एक फूल खुडा आणि उलटं धरा. खाली चार छोटी निदलं दिसतील, रंगीत जातींत त्यांच्यावर बहुधा जांभळट छटा असते. त्यांच्या आत चार पाकळ्या, समोरासमोर दोन-दोन. पाकळ्या बाजूला सारल्या की सहा पुंकेसर दिसतात आणि सगळी गंमत या सहांत आहे. ते एका उंचीचे नसतात. आतले चार उंच आणि बाहेरचे दोन बुटके. मोहरीचं फूल घ्या, मुळ्याचं घ्या, शेतात काढायचा राहून गेलेल्या फ्लॉवरला फुटणारं पिवळं फूल घ्या, चार उंच आणि दोन बुटके हा हिशेब सगळीकडे जुळतो. परीक्षेत मुलं पाकळ्यांचा क्रूस बघून कूळ लिहून मोकळी होतात, पण चार पाकळ्या बाकीच्याही अनेक कुळांत असतात. खात्री करायची तर पुंकेसर मोजा. त्यांच्या मधोमध दोन कप्प्यांचं चपटं अंडाशय असतं. आणखी एक बारीक खूण म्हणजे फुलाच्या देठाच्या बुडाशी एरवी बऱ्याच झाडांना एक चिमुकलं पान असतं, ते या कुळात सहसा नसतं. देठ सरळ दांड्यातून निघतो.

आता पाकळ्या. झुपक्याच्या अगदी मधली, अजून न उमललेली कळी टाचणीने फोडा. आत चारही पाकळ्या जवळजवळ सारख्या सापडतील. मग नुकतं उमललेलं फूल बघा, तिथे थोडा फरक जाणवेल. मग कडेचं जुनं फूल बघा. बाहेरच्या दोन पाकळ्या पसरून मोठ्या झालेल्या आणि आतल्या, म्हणजे झुपक्याच्या मध्याकडे तोंड असलेल्या दोन मागे राहिलेल्या दिसतील. एकाच झुपक्यात आतून बाहेर नजर नेली की हा सगळा क्रम ओळीने सापडतो. म्हणजे फूल जन्मतः वेडंवाकडं नसतं, उमलताना आणि उमलल्यावर त्याच्या दोन पाकळ्यांची वाढ रोखली जाते.

ती कशी रोखली जाते हे २००७ साली जर्मनीतल्या अँड्रिया बुश आणि साबिने झाखगो यांनी पांढऱ्या कँडीटफ्टवर दाखवलं. आतल्या दोन पाकळ्यांत एक जनुक उशिरा आणि जोरात काम करू लागतो आणि तिथल्या पेशींचं विभाजन मंदावतो. बाहेरच्या पाकळ्यांत तो जवळपास गप्प असतो, म्हणून त्या वाढत राहतात. पुरावाही झाडानेच दिला. त्यांना चारही पाकळ्या मोठ्या असलेलं एक नैसर्गिक वाण मिळालं, आणि त्याच्या आतल्या पाकळ्यांत या जनुकाचं काम फारच मंदावलेलं होतं. याच जनुकाचा एक नातलग आपल्या बागेतल्या डॉगफ्लॉवरमध्ये आहे. हे दोन्ही जनुक अराबिडॉप्सिस या मोहरी कुळातल्या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपात घालून बघितले, तर कँडीटफ्टच्या जनुकाने पाकळ्या लहान झाल्या आणि डॉगफ्लॉवरच्या जनुकाने मोठ्या. एकाच घराण्यातले दोन जनुक, पण कामं उलटी. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळलो.

झाडाला याचा उपयोग काय, हे बघायला प्रयोगशाळा नको, कोथिंबिरीचा वाफा पुरे. मिरज-तासगाव बाजूला बियाण्यासाठी सोडलेली कोथिंबीर फुलली की तिच्या छत्रीच्या कडेची फुलं बघा. तिथेही बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि आतल्या लहान असतात. कोथिंबीर गाजराच्या कुळातली आहे, मोहरीशी तिचं जवळचं नातं नाही. तरी दोघींनी एकच युक्ती शोधली. फुलं बारकी असतात, एकेकटी कुणाच्या नजरेत भरत नाहीत. मग ती दाटीवाटीने एका पातळीवर बसतात, कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या होतात आणि वरून उडणाऱ्या माशीला सगळा झुपका मिळून एक मोठं फूल दिसतं. मध्याकडच्या बाजूला मोठ्या पाकळ्या काढून उपयोग काय, शेजारच्याच फुलावर सावली पडणार. मोहरी कुळातली बहुतेक फुलं चारी बाजूंनी सारखी असताना आयबेरिस, म्हणजे कँडीटफ्टच्या प्रजातीने (genus) ही वेगळी वाट धरली, आणि तीच तुमच्या काकूंना भेसळ वाटली.

आता या झुपक्याला काय म्हणायचं? कोथिंबिरीत सगळ्या काड्या एकाच बिंदूतून निघतात, त्याला चामरकल्प फुलोरा म्हणतात. कँडीटफ्टचा झुपका वरून तसाच दिसतो, पण खालून बघा. देठ दांड्याच्या वेगवेगळ्या उंचीवरून निघालेले असतात. खालच्या फुलांचे देठ लांब, वरच्यांचे आखूड, म्हणून सगळी फुलं एका पातळीला येतात. हा गुलुच्छ. एक झुपका मोडून कागदावर चिकटवला की हे डोळ्यांत भरतं. फुलं कडेकडून मध्याकडे उमलत जातात.

‘मिक्स’च्या पाकिटात बऱ्याचदा दोन जाती एकत्र असतात, म्हणून त्या वेगळ्या ओळखायला शिकाच. गुलाबी, जांभळा, किरमिजी, फिक्का लव्हेंडर असे रंग असतील तर ती आयबेरिस अंबेलाटा. तिची पानं लांबट आणि टोकदार, खालची थोडी दातेरी, वरची सरळ कडांची. वास जवळजवळ नसतो. शुभ्र पांढरी आणि सुवासिक असेल तर ती बहुधा आयबेरिस अमारा. तिची पानं टोकाकडे रुंद होतात आणि तिथेच दोन्ही बाजूंना मोजके बोथट दाते असतात. पांढरा रंग अंबेलाटातही येतो, तेव्हा निव्वळ रंगावर निकाल देऊ नका, फळं लागेपर्यंत थांबा. अंबेलाटाचा झुपका फळं धरल्यावरही आखूडच राहतो, सगळी फळं वर गर्दी करून बसतात. अमाराचा दांडा मात्र फुलं संपता संपता लांबत जातो आणि फळं त्याच्यावर खालून वर पसरतात, म्हणजे गुलुच्छाची मंजरी होते. बाजारात ‘हायसिंथ फ्लॉवर्ड’ म्हणून जी उंच, भरगच्च पांढरी तुऱ्यांची जात मिळते ती अमाराची निवड आहे. फुलदाणीसाठी तीच लावा. कुंडीसाठी आणि वाफ्याच्या कडेला अंबेलाटा बरी, ती साधारण वीतभर ते दीड वीत वाढते आणि पसरट राहते.

दोघीही मूळच्या युरोप आणि भूमध्य समुद्राकडच्या, आणि दोघीही वर्षायू. बी पडलं, रोप आलं, फुललं, फळलं, की खेळ खलास. तिसरी एक आयबेरिस सेम्परव्हिरेन्स बहुवर्षायू असते आणि परदेशी व्हिडिओंत दगडी भिंतींवरून पांढरी लोंबताना दिसते. ती बघून फोन येतात. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ती टिकवण्याचा नाद मी कुणाला लावत नाही.

काकूंच्या अ‍ॅलिसमकडे येऊ. आपण बागेत ज्याला अ‍ॅलिसम म्हणतो ते लोब्युलारिया मॅरिटिमा. तेही याच कुळातलं, तेही भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचं, तेही थंडीत लावायचं आणि तेही झुपकेदार, त्यामुळे गल्लत साहजिक आहे. पण त्याच्या चारही पाकळ्या सारख्या आणि गोल असतात, फूल फारच बारीक असतं आणि मधाचा गोड वास दुरून येतो. पान भिंगाखाली धरलं की प्रश्नच मिटतो. अ‍ॅलिसमच्या पानावर पांढरे, पानाला चिकटून झोपलेले केस असतात. प्रत्येक केस मधोमध पानाला जोडलेला आणि दोन्ही टोकं दोन दिशांना पसरलेली. त्यामुळेच पानाला राखाडी झाक येते. कँडीटफ्टचं पान गुळगुळीत, फार तर अमाराच्या पानाच्या कडेला थोडी लव. स्टॉक, म्हणजे मॅथिओला, हा तिसरा भाऊ. त्याची पानं जाड, करडी, मखमली आणि फुलं बहुधा डबल. त्याची गल्लत सहसा होत नाही.

फळावरून नातं जास्त पक्कं होतं, आणि इथे मोहरीपेक्षा घरातलं हळीव कामाला येतं. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेल्या हळिवातलं चमचाभर बी एका कुंडीत टाका. रोप वाढून फुलून फळू द्या आणि त्याचं फळ कँडीटफ्टच्या फळाशेजारी ठेवा. दोन्ही चपटी, गोलसर, वरच्या टोकाला खाच असलेली. खाचेत फुलाच्या कुक्षीवृंताचा बारीक काटा उभा असतो. दोन्ही फळांत दोन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एकच बी. मोहरीच्या लांब शेंगेला सार्षप म्हणतात. लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा कमी असली की ती सार्षपिका. हळीव आणि कँडीटफ्ट दोन्ही सार्षपिकावाले. जाता जाता, हळीव उगवताना त्याची पहिली दोन पानं बघा, प्रत्येक पान तीन भागांत चिरलेलं असतं. कँडीटफ्टची पहिली पानं साधी, अखंड असतात. रोपं एकाच ट्रेमध्ये असली तरी त्या वयातही फरक कळतो.

फळ वाळून भुरकट झालं की नखाने त्याच्या दोन्ही बाजू सोडवा. दोन होड्या सुटून येतात, पंखासारखी पातळ कड असलेल्या, आणि प्रत्येकीत एक तांबूस चपटं बी. देठावर मागे राहतो तो एक अरुंद पडदा. तो अरुंद का, हे समजून घ्या, कारण कुळातल्या प्रजाती लावताना या खुणेचा फार उपयोग होतो. कँडीटफ्टचं फळ पडद्याला आडवं दाबलं गेलेलं असतं, म्हणून पडदा फळाच्या जाडीएवढाच. अ‍ॅलिसमचं फळ पडद्याला समांतर दाबलेलं, म्हणून दोन्ही टरफलं गळाली की फळाच्या पूर्ण रुंदीचा पारदर्शक पडदा देठावर उभा राहतो. हे दोन पडदे शेजारी ठेवून एकदा बघितलेला विद्यार्थी पुन्हा चुकत नाही.

बी धरण्याबद्दल. एकाच कुंडीत एकच रोप असेल तर फळं पोकळ निघण्याची तयारी ठेवा, निदान पांढऱ्या जातीत तरी. अमाराची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं फुलातलं टोक, आपल्याच रोपाचा पराग ओळखून नाकारते. ए. जे. बेटमन यांनी १९५४ साली हे काम अमारावरच करून दाखवलं. परागकणाला स्वीकारायचं की नाही हे त्या कणावर नाही, तर तो ज्या रोपावर तयार झाला त्या रोपावर ठरतं, असं त्यातून निघालं. कोबीतही हीच रीत आहे आणि कोबीच्या संकरित बियाण्याच्या धंद्यात तिचा मोठा वापर झाला. तेव्हा बियाणं हवं असेल तर चार-सहा रोपं एकत्र ठेवा आणि माश्यांना येऊ द्या. फुलताना कीटकनाशक मारलं तर बी मिळणार नाही, इतकं साधं गणित आहे. अंबेलाटावर चार्ल्स डार्विनने प्रयोग केले होते. १८७६ साली छापलेल्या त्याच्या निष्कर्षांत परपरागणातून आलेली रोपं स्वपरागणातल्या रोपांपेक्षा उंच भरली.

याचा अर्थ तुमच्या ‘मिक्स’मधले रंग आपापसांत मिसळणार. गुलाबी रोपाचं बी धरलं तरी पुढच्या वर्षी त्यातून गुलाबीच येईल असं नाही, जांभळट आणि फिक्कं काहीही येऊ शकतं. एकच रंग हवा असेल तर त्या रंगाची चार-पाच रोपं वेगळ्या गच्चीवर, निदान इमारतीच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि बाकीची तिकडे फुलू देऊ नका. पाकळ्यांची लहानमोठी ठेवण मात्र पुढच्या पिढीतही तशीच येईल, ती जातीचीच आहे. फळं पूर्ण वाळायच्या जरा आधी सकाळी दांडे कापा आणि कागदी पिशवीत उलटे टांगा. उन्हात ठेवून वाट बघत बसलात तर टरफलं सुटून बी गच्चीभर होईल.

जमिनीचं थोडक्यात. अमारा तिच्या मूळ प्रदेशात खडूच्या आणि चुनखडीच्या जमिनीत वाढते. म्हणून सांगली-मिरजेच्या काळ्या, चुनखडीचे खडे असलेल्या मातीला ती नाक मुरडत नाही. तिचं वाकडं आहे ते साचलेल्या पाण्याशी. कृष्णाकाठच्या क्षारपड झालेल्या रानात हिच्या वाटेला जाऊ नका. बागेत लावायची तर गादीवाफा करा आणि मातीत वाळू व चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी-महाबळेश्वरकडच्या तांबड्या आम्ल मातीत थोडा चुना किंवा लाकडाची राख द्यावी लागते. तिकडे थंडी लांबते, त्यामुळे फुलंही जास्त दिवस राहतात. सांगलीत फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चटकायला लागलं की खालची पानं पिवळी पडतात. खतं-औषधं देऊन तिला वाचवायला जाऊ नका, वर्षायू झाडाची वेळ झालेली असते. पेरणी दसरा-दिवाळीच्या मध्ये, आणि शक्यतो जागेवरच. मूळ सरळ खाली जातं, रोप उपटून लावलं की ते रुसतं. ट्रेमध्ये करायचंच असेल तर चार पानांच्या आत मातीच्या गोळ्यासकट हलवा. कुंडीत रोपांमध्ये वीतभर अंतर ठेवा, दाटी झाली की देठ लांबून झुपका झुकतो. पहिला झुपका सुकला की लगेच खुडा, बगलेतून पुढचे झुपके येतात. बियाण्यासाठी ठेवलेली रोपं मात्र खुडू नका.

मावा येतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. पानाच्या मागे पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. ते रोप उपटून जाळा आणि त्या कुंडीत पुढच्या थंडीला मोहरी, मुळा किंवा अ‍ॅलिसम लावू नका, कुळातलं दुसरं झाडही त्याला बळी पडू शकतं.

राहिली भाजी. मोहरीचा झणका ज्या गंधकयुक्त द्रव्यांनी येतो ती कँडीटफ्टमध्येही आहेत. त्यांतल्या एकाचं ग्लुकोआयबेरिन हे नाव याच प्रजातीवरून पडलं. पण अमारात त्याशिवाय कुकुरबिटासिनं असतात, तीच कडू द्रव्यं ज्यांच्यामुळे एखादा कडू दुधी किंवा काकडी खाऊन माणसाला उलट्या-जुलाब होतात. मोहरी कुळात ही द्रव्यं क्वचित सापडतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या कुळातली इतर झाडं आवडीने फस्त करतात, पण या कडू द्रव्यांमुळे अमाराला तोंड लावायला कचरतात. पाकिटातली कोणती रोपं अमारा आणि कोणती अंबेलाटा हे पाल्यावरून सांगणं नवख्याला जमणार नाही, शिवाय फुलझाडांच्या बियाण्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यामुळे पानं भाजीत घालू नका आणि घरात लहान मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मोहरीचा पालाच खायचा असेल तर शेजारच्या कुंडीत डब्यातली मूठभर मोहरी पेरा, तीन-चार आठवड्यांत कोवळी पानं खुडता येतील.